नवरीला चष्मा हाय का?

"नवरीला चष्मा हाय का?"

रुखवताची चौकशी करायला आलेल्या माणसाला नाना पहिला प्रश्न हा विचारतात. लग्न कधी, कार्यालय कुठलं, वस्तू किती हव्यात, हे सगळं नंतर. माणूस अजून चपला काढत असतो, बरोबरची मावशी पदराने घाम पुसत असते, आणि नाना हातातली सुपारी खाली न ठेवता स्वतःच्या चष्म्याच्या वरून बघत हा प्रश्न टाकतात. पुष्कळांना वाटतं आपण चुकून चष्म्याच्या दुकानात शिरलो. एक गृहस्थ तर बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून आलेले मी स्वतः पाहिले आहेत.

पाटीवर 'शालन रूखवत केंद्र' असंच लिहिलं आहे. त्यातला 'रु' पेंटरने दीर्घ काढला आहे. मी तळेगावच्या शाळेत मराठी शिकवण्यात हयात घालवलेला माणूस. घोरावाडी स्टेशनच्या अलीकडे आमची आळी, आळीच्या तोंडाशी नानांचं दुकान, त्यामुळे रोज सकाळी दूध आणायला जाताना तो 'रू' माझ्या डोळ्यांत खुपतो. एकदा न राहवून नानांना सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. लग्नात सगळंच जरा लांबतंय."

नाना मूळचे जवळच्याच इंदुरीचे. इथल्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. कारखाना बंद पडला तेव्हा बायकोच्या हाताखाली कामाला लागले. शालनवहिनी आळीतल्या मुलींची रुखवतं हौसेने करून द्यायच्या, त्याचाच पुढे धंदा झाला होता. आगकाड्यांचं घर, डाळींची रांगोळी, सजवलेली सप्तपदी, आणि सगळ्यांत मानाचे म्हणजे सुपारीचे नवरा-नवरी. सहा फूट उंचीचा, मनगटं जाडजूड असलेला माणूस दोन बोटांत सुपारी धरून तिला नऊवारी नेसवतो, हे बघायला सुरुवातीला लोक मुद्दाम यायचे. वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाटी तीच आहे.

चष्म्यानंतर दुसरा प्रश्न असतो, "नवऱ्याला मिशी हाय का?" मग तीळ कुठे आहे, केस कुरळे का, मुलगी डावखुरी आहे का, दोघांत उंच कोण. "अहो, सुपारीला कसली उंची," मी एकदा म्हणालो. नानांनी माझ्या तळहातावर दोन सुपाऱ्या ठेवल्या आणि म्हणाले, "बघा. जलमात कधी सुपारी नीट बघितलीय का तुमी?" खरोखरच एक उंच होती, एक बुटकी. मी आयुष्यभर त्या नुसत्या खाल्ल्या होत्या.

"ज्याचं त्वांड म्हाईत न्हाई, त्याची सुपारी मी रंगवत न्हाई," हा नानांचा नियम. फोटो आणा, नाहीतर माणूस आणा. नवरीला चष्मा असला तर तांब्याच्या बारीक तारेचा चष्मा सुपारीच्या नवरीच्या नाकावर बसणारच. यावरून भांडणं होतात. कान्हे गावच्या एका आत्याबाईंनी दुकानात उभं राहून आकांत मांडला होता. त्यांचं म्हणणं, रुखवतात कुणी चष्मा घालतं का, वरपक्षासमोर आमची शोभा करायची आहे का.

"घरात घालती का पोरगी?" नानांनी विचारलं.

"घालती. पन लग्नात काढनारे."

"मंग हार दुसऱ्याच्याच गळ्यात घातला तर माझ्याकडं येऊ नका."

आत्याबाई तणतणत गेल्या. तिसऱ्या दिवशी ती मुलगी एकटीच आली. तिने ती सुपारीची नवरी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "नाना, चष्मा थोडा खाली घसरलेला दाखवा. माझा घसरतो." नानांनी चिमट्याने चष्मा तांदळाच्या दाण्याएवढा खाली घेतला. मुलगी इतकी हसली की तिला स्वतःचा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या लग्नात म्हणे पंगतीपेक्षा रुखवतापाशी जास्त गर्दी होती. 'म्हणे' अशासाठी, की हे नानांनीच सांगितलं.

लग्नाच्या धंद्याला वर्षातून चार महिने सुट्टी असते आणि ती मागून घेतलेली नसते. आषाढी एकादशीला देव झोपले की तुळशीच्या लग्नापर्यंत दुकानाकडे कुत्रं फिरकत नाही. शिवाय पौष महिना, गुरूचा अस्त, शुक्राचा अस्त. पंचांगातल्या ज्या पानांकडे आपण बघतही नाही ती नानांना पाठ आहेत. या दिवसांत आमच्याकडचा मांडववाला भातलावणीला गावी जातो, बँडवाला भिंती रंगवायची कामं घेतो, पत्रिका छापणारा दुपारपासून पत्ते कुटतो. नाना मात्र इस्त्रीचा सदरा घालून नवाच्या ठोक्याला दुकान उघडतात. विचारलं तर त्यांचं एकच उत्तर: "देव झोपलाय, मास्तर. आपुन जागं ऱ्हायाचं."

त्यांचं शास्त्र असं, की गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान उशिरा उघडलं तर दुकानाला आळस चढतो. मग सीझनलासुद्धा ते दहाशिवाय उठत नाही. म्हणून नऊ ते एक दुकान. एक ते चार कुलूप. ही तीन तासांची झोप मात्र त्यांनी कुणासाठी मोडलेली नाही. ऐन वैशाखात एक वरबाप पायरीवर अडीच तास घाम गाळत बसले होते. नाना चार वाजता जांभई देत आले आणि म्हणाले, "बसा की, उभं का?" ते बसलेलेच होते.

मंदीच्या दिवसांत नाना कधी अकरा जणांचा सुपारीचा बँड करतात, त्यात प्रत्येकाचा गाल वेगळा फुगलेला असतो. कधी भटजींना छत्र्या करतात. आमच्याकडचा पाऊस काय सांगावा, चार महिने डिंक वाळत नाही, सुपारीला बुरशी धरते. त्यासाठी नानांनी एका खोक्यात बल्ब लावला आहे. त्या उजेडात नवरा-नवरींच्या जोड्या ओळीने उभ्या असतात. "शेक घेत्यात," नाना म्हणतात. मी एकदा म्हटलं, "नाना, एक दिवस नुसते बसा की स्वस्थ. कोण विचारणार आहे?" तर मान न उचलता म्हणाले, "नगं. रिकाम्या हाताला जुनं सापडतं." मला म्हण आवडली. वहीत लिहून घेतली. तिचा अर्थ विचारला, तर त्यांनी मला डिंकाची बाटली धरून उभं केलं.

अलीकडे तर हंगामातही मंदी असते. रुखवत आता भाड्याने मिळतं. एका लग्नातलं रुखवत दुपारी टेम्पोत चढतं आणि संध्याकाळी दुसऱ्या लग्नात उतरतं. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमधल्या लग्नासाठी मध्यंतरी एक चुणचुणीत मुलगी ऑर्डर घेऊन आली. "अंकल, थीम पेस्टल आहे," ती म्हणाली.

"नवरीला चष्मा हाय का?"

"नाही, लेन्सेस आहेत."

नाना दोन दिवस विचारात पडले. चष्मा नाही असं दाखवावं तर खोटं, आहे असं दाखवावं तरी खोटं. शेवटी त्यांनी आमच्या सौभाग्यवतींकडून, म्हणजे सुनंदाकडून, नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश मागून नेलं आणि सुपारीच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक थेंब सोडला. डोळे चकाकले. आमच्याशिवाय हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मांडणी करून नाना परत आले तेव्हा मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "लय गर्दी. समदे रुखवताकडं पाठ करून सवताचंच फोटू काढत हुते." त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

नानांची खरी करामत मात्र श्रावणातली. पंचमीला लेकी माहेरी येतात, तशा नानांच्या सुपाऱ्याही माहेरी येतात. म्हणजे नाना त्यांना आणतात. आजवर केलेल्या जोड्या कुठल्या गावात, कुणाच्या घरात, कुठल्या कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडल्या आहेत, हे त्यांना तोंडपाठ आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून नाना स्कूटरवर निघतात आणि घराघरांत जाऊन म्हणतात, "आमची पोरगी न्यायला आलोय." नव्या सुना घाबरतात. मग घरातलं जाणतं माणूस हसत बाहेर येतं आणि स्टूल मागवून कपाटावरची पिशवी काढतं. परत येताना नाना स्कूटर इतकी हळू चालवतात की सायकलवाले पुढे जातात. एका हवालदाराने हटकलं, "काय काका, बिघडलीय का गाडी?" तर म्हणाले, "न्हाई हो, आत बायामानसं हायेत. खड्डे लय."

मग त्या जोड्यांचं माहेरपण. उडालेला रंग भरायचा, फाटलेला शालू बदलायचा, बल्बच्या खोक्यात शेक द्यायचा. नवरीला मध्यंतरी चष्मा लागला असेल तर तो चढवायचा. नवरा जाड झाला असेल तर त्याला नवी सुपारी. याचे ते काही घेत नाहीत. प्रत्येक जोडीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी असते, तिच्यावर नाव, गाव. फक्त एक अट: आणायला नाना जातील, पण पोचवायला जाणार नाहीत. "लेकीला न्यायला सासरच्यांनी यायाचं. आपुन व्हऊन पाठवत नसत्यात." बरेचजण येतात. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी दुकानात सासरच्यांची वर्दळ असते आणि नाना प्रत्येकाला चहा पाजून जोडी डब्यात घालून देतात.

काही येत नाहीत. त्या जोड्या वरच्या फळीवर राहतात. एका घरातून जोडी देताना बाई म्हणाल्या होत्या, "परत नका आणू नाना. पोरगी घरी आलीय कायमची. टाकून द्या." नानांनी टाकली नाही. नवरी फळीच्या या टोकाला ठेवली, नवरा त्या टोकाला. "भांडल्यात," मला म्हणाले. "ऱ्हाऊ दे थोडं दिस लांब." त्याला आता तीन वर्षं झाली.

इतकं सगळं ज्याला सगळ्या मावळाबद्दल माहीत आहे, त्या माणसाच्या स्वतःच्या मुलीबद्दल मला आता सांगायला हवं. ते सांगायला मला आवडत नाही, कारण त्यात मी आहे.

नानांना एकच मुलगी, रूपा. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. शालनवहिनी गेल्या तेव्हा ती कॉलेजात होती. त्यानंतर बापलेक मिळून दुकान बघायचे. नाना सुपाऱ्यांना कपडे करायचे आणि रूपा तोंडं रंगवायची. सुपारी नाकाला लागेल इतकी जवळ धरायची आणि तीन केसांच्या ब्रशने अशी भुवई काढायची, की सुपारी आता काहीतरी विचारील असं वाटावं. आज नाना तोंडं रंगवतात, ते तिच्याच हाताखाली शिकले. ते स्वतः म्हणतात, "माझ्या समद्या नवऱ्या जरा घाबरल्यावानी दिसत्यात. तिच्या दिसत नव्हत्या."

नाना रूपासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा फोटो काढायला मीच बरोबर गेलो होतो. फोटोग्राफर म्हणाला, "चष्मा काढा, काच चमकते." काढला. फोटो सुरेख आला. तो फोटो बघून एका चांगल्या घरातले लोक मुलगी बघायला यायचे ठरले. त्या सकाळी नाना माझ्याकडे आले. घरात बाईमाणूस नाही, कुणाला विचारणार? म्हणाले, "मास्तर, चष्म्याचं कसं करायचं?" मी म्हणालो, "फोटोत नाही ना, मग तासाभरासाठी काढलेला बरा." हे मी म्हणालो. नानांनी नुसतं ऐकलं.

रूपा म्हणाली, "नाना, मला काही दिसणार नाही."

नाना हसत म्हणाले, "बघायला ते येनारेत. तू न्हाई."

गंमत म्हणूनच म्हणाले. आम्ही सगळे हसलो. रूपा हसली नाही, पण चष्मा काढून तिने फडताळात ठेवला.

पाहुणे आले. रूपाने पोह्यांचा ट्रे आणला, चाचपडत टेबलावर ठेवला आणि मोठ्यांच्या पाया पडली. सासऱ्यांच्या म्हणून ज्याच्या पाया पडली तो पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर होता. तो बिचारा दाराशी स्टुलावर बसला होता, धडपडून उठला. पाहुणे हसले. वेळ सावरायची म्हणून नाना हसले. मीही हसलो. कुणाच्याही नकळत तिला चष्मा नेऊन देणं मला जमलं असतं. फडताळ माझ्या पाठीशीच होतं.

वाईट म्हणजे त्यांनी होकार कळवला. मुलगी पसंत. नाना पेढे घेऊन आले तर रूपा त्यांना म्हणाली, "कोण पसंत आहे? ती बिनचष्म्याची ना? मग तिला द्या." महिन्याभरात बडोद्याला नोकरी शोधून ती गेली. वर्षभराने तिथेच नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ज्याच्या घरातून सगळ्या मावळात रुखवतं जातात त्याच्या मुलीच्या लग्नात रुखवत नव्हतं. तेव्हापासून ती आलेली नाही. आणि तेव्हापासून नाना विचारतात, नवरीला चष्मा हाय का.

लग्नाचा फोटो तिने सुनंदाच्या फोनवर पाठवला होता. खाली एवढंच लिहिलं होतं: "काकू, नानांनी विचारलं तर दाखवा. आपणहून दाखवू नका." सुनंदाने तो मला पाठवून ठेवला, कारण नाना माझ्याशी जास्त बोलतात. आठ वर्षं तो फोटो माझ्या खिशात आहे. आठ वर्षं मी वाट बघतो आहे की नाना विचारतील. कान्ह्याच्या, इंदुरीच्या, लोणावळ्याच्या कुठल्या कुठल्या जावयांच्या मिश्यांची चौकशी करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या जावयाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी विषय त्या बाजूला नेला की ते डिंकाची बाटली शोधायला लागायचे.

यंदाची मंदी मात्र वेगळी होती. अधिक महिना नेमका लग्नसराईत आला. मुहूर्त नाहीत म्हणजे लग्नं नाहीत, आणि तो संपतो न संपतो तोच देव झोपायची वेळ झाली. अधिक महिन्यात घरोघरी जावयांना बोलावून वाण देतात. आमचे जावईही आले. सुनंदाने तेहतीस अनारसे केले, नानांनाही जेवायला बोलावलं. नाना जेवले थोडंच. आमच्या जावयाकडे इतकं टक लावून बघत होते की तो बिचारा दोनदा तोंड पुसून आला. निघताना म्हणाले, "वहिनी, तेहतीसच का वो असत्यात?" सुनंदा म्हणाली, "पद्धत आहे, नाना." नानांनी मान हलवली आणि अंगणात चपला शोधत बराच वेळ उभे राहिले. चपला त्यांच्या पायांतच होत्या.

श्रावण तोंडावर आला. नाना डबा घेऊन निघाले, पण यंदा बऱ्याच घरांतून हात हलवत परत आले. कुठे जुनं घर पाडून इमारत होते आहे आणि सामान हलवताना पिशवी हरवली आहे. कुठे सून म्हणाली, "असू द्या, पुढच्या वर्षी." इतकं फिरून सगळ्या मिळून चार जोड्या माहेरी आल्या, त्या चार दिवसांत नीट झाल्या. सुपारीच्या बँडला आणखी वाजवणारे लागत नव्हते. भटजींच्या छत्र्या संपल्या. मी जाता-येता बघायचो तर नवाच्या ठोक्याला दुकान उघडं, इस्त्रीचा सदरा, आणि नाना रिकामे दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलेले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

पंचमीला सुनंदाने पुरणाची दिंडं केली आणि डबा देऊन मला पिटाळलं. साडेबारा वाजून गेले होते. नाना टेबलावर वाकले होते. समोर एक जोडी होती. ती चिठ्ठीवाली नव्हती. मी पूर्वी कधी पाहिलेली नव्हती.

नवरीचा शालू हिरवा होता आणि तो शालनवहिनींच्या पैठणीच्या पदरातून कापला होता, तो पदर मी ओळखला. नाकावर तांब्याच्या तारेचा चष्मा होता. बाकीच्या नवऱ्यांच्या चष्म्यांत नुसती तार असते, हिच्या चष्म्यात काचाही होत्या. गोळ्यांच्या पाकिटाचं प्लॅस्टिक कापून दुहेरी बसवलं होतं, जाड दिसावं म्हणून. शालूचा रंग उतरला होता. ही जोडी यंदाची नव्हती, काही वर्षांची होती. शेजारी नवरा. फेटा, शेला, उपरणं, हातात हार, सगळं नेटकं. फक्त तोंड कोरं. नुसती तपकिरी सुपारी.

"मास्तर," नाना वर न बघता म्हणाले, "आमच्या जावयाला मिशी हाय का?"

आठ वर्षं उत्तर तोंडावर घेऊन फिरत होतो. डबा खाली ठेवला. म्हणालो, "नाही. मिशी नाही." मग म्हणालो, "चष्मा आहे."

नानांनी मान उचलली. "त्याला बी?"

"त्यालाही. चांगला जाड."

"रूपीइतका?"

"थोडा जास्तच."

मी फोन काढून फोटो समोर धरला. त्यांनी तो हातात घेतला, नाकाजवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. कचेरीच्या पायऱ्यांवर दोघं उभी आहेत, गळ्यात हार. समोरून ऊन आहे, त्यामुळे दोघांच्याही चष्म्यांच्या काचा पांढऱ्या दिसतात, डोळे दिसत नाहीत.

"काच चमकलीय," नाना म्हणाले.

"हो."

"चमकू द्या," ते म्हणाले आणि फोन टेबलावर उभा करून त्यांनी तार कापायला घेतली.

मी बसून राहिलो. त्यांनी तोंड रंगवलं, ओठ काढले, भुवया काढल्या. पाकिटाचं प्लॅस्टिक तिहेरी कापलं. चष्मा नाकावर बसवला आणि दोन्ही सुपाऱ्या एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या.

"आता दोगंबी बघत्यात," ते म्हणाले.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. मग त्यांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'रूपा' लिहिलं आणि थांबले.

"नाव काय त्यांचं?"

"नितीन."

"ऱ्हस्व का दीर्घ?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला शुद्धलेखन पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हणालो, "नि ऱ्हस्व. ती दीर्घ." त्यांनी अगदी सावकाश, शाळेतल्या मुलासारखं, दोन्ही वेलांट्या नीट बघून काढल्या. दोरा ओवला, चिठ्ठी गळ्यात अडकवली.

"नाना, बडोद्याचा पत्ता आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "पाठवून देऊ या का?"

"लेक पाठवून देत्यात व्हय, मास्तर? न्यायला येत्यात." आणि त्यांनी जोडी वरच्या फळीवर नाही, समोरच्या काचेत ठेवली, रस्त्यावरून दिसेल अशी.

त्यांना विचारून मी तिचा फोटो काढला, चष्म्यांसकट, आणि सुनंदाने तो रूपाला पाठवला. तिने तो बघितला, हे कळलं. उत्तर आलेलं नाही. देव अजून झोपलेले आहेत.

काल दुपारी दोनच्या सुमारास पोस्टाकडे चाललो होतो. दुकान उघडं होतं. मला वाटलं नाना कुलूप लावायचं विसरले. आत डोकावलो, तर इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले, डोळे झोपेने जड झालेले, पण उघडे.

"नाना, आज झोप नाही?"

"बंद केली ती," ते म्हणाले. "कुनी न्यायला आलं आनि कुलूप असलं, तर?"